तिसरा आग्रह

लाल सतरंजी अर्धीच घासून झाली होती. तळ्याच्या लाकडी धक्क्यावर तेक्ला रिडवाल गुडघे टेकून बसली होती. बाह्या कोपराच्या वर, हात मऊ साबणाने बुळबुळीत, आणि कपाळावर आलेली बट हाताने सारायची सोय नाही म्हणून फुंकरीने उडवायची. गुरुवार होता. वारा उत्तरेचा, ऊन चांगलं. वर्षभर पायाखाली तुडवलेल्या चिंध्यांच्या सतरंज्या ऑगस्टातल्या अशा एखाद्या कोरड्या दिवशी तळ्यावर आणायच्या, ताठ ब्रशने घासायच्या, बुचकळायच्या आणि कठड्यावर टाकायच्या, हे हेस्तमो गावातली प्रत्येक बाई करते. पुस्तकं लिहिणारीही करते. निळी सतरंजी कठड्यावर ठिबकत होती, हिरवी पाण्यात भिजत होती. लालचं एक टोक पिकल्या रानफळासारखं उजळलं होतं, दुसऱ्यावर अजून चुलीपुढची काजळी होती.

तेवढ्यात रस्त्यावरून पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली.

"तेक्ला! स्टॉकहोमचं पाकीट!"

"काय लिहिलंय?"

"मला काय माहीत? बंद आहे."

"उजेडाला धरलं असशील."

"धरलं. पण कागद जाड आहे मेला," असं म्हणून त्याने पाकीट धक्क्याच्या खांबात खोचलं आणि निघून गेला.

तेक्लाने एप्रनला हात पुसले, तरी पाकिटावर बोटांचे ठसे उमटलेच. पत्र रूसेनब्लाड नावाच्या चित्रपट-निर्मात्याचं होतं. तेक्लाच्या 'खिडकीतला कप' या कादंबरीवरच्या चित्रपटाचं काम पुढच्या महिन्यात सुरू होणार, असं त्यांनी मोठ्या आदराने कळवलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, "शेवटाची अडचण सुटली, हे ऐकून आपल्याला आनंद होईल. मुलगा परत येतो! पांढऱ्या अमेरिकन मोटारीतून, थेट फाटकापर्यंत. मायलेक एका टेबलाशी बसून कॉफी पितात आणि चित्रपट संपतो. लोक हसत घरी जातील."

तेक्ला त्या ओल्या लाल सतरंजीवरच मटकन बसली. परकर खालून भिजत गेला तरी तिला कळलं नाही. एकच गोष्ट डोक्यात आली, की आता स्तावाआईला तोंड कसं दाखवायचं?

कादंबरीतली म्हातारी म्हणजे आमच्या गावची स्तावाआईच, हे हेस्तमोत कुणाला सांगावं लागत नव्हतं. चौऱ्यांशी वर्षांची, दृष्टी गेल्यातच जमा, गावच्या म्हाताऱ्यांच्या घरात राहायची. तिचा एकुलता एक मुलगा ईवार एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेला गेला. पोचल्याचं एक पत्र आलं आणि नंतर काही नाही. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली. दर रविवारी स्तावाआई दोन कप मांडते, एक स्वतःचा आणि एक खिडकीत, त्याचा. संध्याकाळी दोन्ही कप धुते. त्याच्या कपाला कुणाचे ओठ लागलेले नसतात, तरी धुते, पुसते, आणि पुन्हा जागेवर ठेवते.

तीन हिवाळ्यांपूर्वी तेक्लाने तिला विचारलं होतं, हे लिहू का म्हणून. स्तावाआई म्हणाली, "लिही. पण एक शब्द दे. माझा ईवार आला नाही. तर तू त्याला कागदावरही आणायचं नाहीस." तेक्लाने स्तोत्रांच्या पुस्तकावर हात ठेवून शब्द दिला होता.

आणि पाळलाही होता. कादंबरी साप्ताहिकात क्रमाक्रमाने येत होती तेव्हा देशभरातून पत्रं आली, मुलाला परत आणा, एवढी निर्दय होऊ नका. माल्मोच्या एका बाईने तर त्या मुलासाठी विणलेले हातमोजे पाठवले. तेक्लाने ते मोजे पोस्टमनला दिले आणि मुलाला काही आणलं नाही. आता तोच शब्द तिच्या स्वतःच्या तोंडाने मोडला होता, तोही मे महिन्यात, घराच्या दारात.

ती उठली. सतरंजी, ब्रश, साबणाचा डबा, सगळं जागच्या जागी टाकलं आणि म्हाताऱ्यांच्या घराच्या रस्त्याला लागली.

अर्ध्या तासाची चाल. चालताना माणसाला सगळं आठवतं.

तेक्ला काही लेखिका व्हायला निघालेली नव्हती. गावच्या चांभाराची ही मुलगी. आई लवकर गेली, म्हणून बाराव्या वर्षापासून चूल आणि बाप सांभाळला. मिशन हाऊसच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, शिवण-मंडळात दर गुरुवारी बायका जमत आणि परदेशातल्या मिशनसाठी मोजे, चादरी शिवत. तेक्लाचे टाके इतके वाकडे, की तिने शिवलेली उशीची खोळ हुल्दाने एकदा सगळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "ही कुणाच्या डोक्याच्या मापाची?" हुल्दा म्हणजे मंडळाचा कणा. सरळ पाठीची, सरळ टाक्याची, सरळ बोलणारी. तिनेच फर्मावलं, "तेक्ला, तू सुई ठेव. तू वाच. आम्ही शिवतो."

म्हणून तेक्ला मिशनचं मासिक मोठ्याने वाचू लागली. एका हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद झाले आणि मासिक आलंच नाही. बायका तर सुया ओवून बसलेल्या. तेक्लाने हाताला लागलेले कागद उघडले आणि वाचायला सुरुवात केली. काँगोत एका मिशनऱ्याची बायको शिवणयंत्र डोक्यावर घेऊन पुराची नदी ओलांडते आहे! तीन गुरुवार ती बाई नदीतच होती. मध्येच सुया थांबत. तिसऱ्या गुरुवारी हुल्दाला संशय आला. ती उठली आणि तिने तेक्लाच्या हातातले कागद काढून घेतले.

"तेक्ला, ही तर बियाण्यांची यादी आहे."

गाजराची बियाणं, वाटाण्याची बियाणं, आणि त्यातून तेक्लाने अख्खी काँगो नदी वाहवली होती, तीही देवाच्या घरात बसून. तेक्लाचे कान लाल झाले. हुल्दाने कागद नीट घडी करून परत दिले, बसली, सुई उचलली आणि मान वर न करता विचारलं, "मग ओलांडली का तिने नदी?"

पाद्री सांदेलांपर्यंत गोष्ट गेलीच. ते म्हणाले, "लिही, तेक्ला. पण वर लिहीत जा, की ही गोष्ट आहे. खोटं आणि गोष्ट यांत तेवढ्या एका ओळीचा फरक आहे." तेव्हापासून तिच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ती ओळ असते. लिहायचं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पाव भट्टीत असताना. पाव झाला की प्रकरण संपलं. म्हणून तिची प्रकरणं सगळी सारख्या लांबीची, असं वाचणारे म्हणतात आणि त्यात काहीतरी मोठी कला आहे असं समजतात.

तिच्या दोन पुस्तकांवर चित्रपट निघाले होते. तिने एकही पाहिला नव्हता. मिशन हाऊसची माणसं सिनेमाला जात नाहीत. तो पैसा आला तेव्हा मिशन हाऊसच्या छतावर नवी कौलं चढली. त्या कौलांखाली बसून हुल्दा दर वर्षी सिनेमाच्या पापाविरुद्ध प्रार्थना करते आणि तेक्ला मनापासून 'आमेन' म्हणते. चित्रपटात काय होतं ते तिला टेलिफोन एक्स्चेंजची व्हेंडला सांगायची. व्हेंडला बसने शहरात जाऊन पाहून यायची आणि मग तासभर हातवारे करून सगळा सिनेमा स्वयंपाकघरात उभा करायची. तेक्लाला तेवढा पुरत असे.

आणि मग गेल्या मे महिन्यात रूसेनब्लाड स्वतः घरी आले होते.

कॉफी त्या वसंतात पुन्हा रेशनच्या कुपनांवर गेली होती. तरी मंडळातल्या बायकांनी आपापली कुपनं जमा केली. सात प्रकारची बिस्किटं भाजली, बन केले, मलईचा केक केला. रूसेनब्लाड बसले आणि त्यांनी सुरुवातच केली मलईच्या केकपासून. आधी बन, मग बिस्किटं, आणि केक सगळ्यात शेवटी, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक. हुल्दाने डोळे मिटून घेतले. मग तेक्लाने विचारलं, "आणखी एक कप?" आणि ते लगेच म्हणाले, "हो, द्या ना!" पहिल्याच विचारण्याला! आमच्याकडे माणूस पहिल्यांदा 'नको' म्हणतो, दुसऱ्यांदा 'अहो, खरंच नको' म्हणतो आणि तिसऱ्यांदा 'बरं, एवढा आग्रह करताय तर अर्धा' असं म्हणून पूर्ण भरलेला कप पुढ्यात ओढतो. पहिल्याच बोलावण्याला हात पुढे करणारा म्हणजे एक तर उपाशी, नाही तर स्टॉकहोमचा.

निघताना टोपी हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, "शेवट थोडा इकडेतिकडे करावा लागेल असं वाटतं. रिडवालबाईंना पटकथा आधी वाचायची आहे का?"

तेक्लाला हवी होती, अगदी हवी होती. आणि तोंडाने ती म्हणाली, "अहो नको, कशाला माझ्यासाठी त्रास."

"ठीक आहे," असं म्हणून रूसेनब्लाडांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मोटार सुरू झाली. तेक्ला दारात उभी, दुसऱ्या विचारण्याची वाट बघत. धुरळा खाली बसला तरी ती उभीच होती.

स्तावाआई अंगणातल्या बाकावर बसून लिंगोनची लाल, आंबट रानफळं निवडत होती. दिसत नसलं तरी बोटं बरोबर काडीकचरा बाजूला काढायची.

"तेक्ला का? साबणाचा वास येतोय. सतरंज्या टाकून आलीस म्हणजे कुणीतरी मेलंय."

"मेलं नाही कुणी, स्तावाआई. उलट आहे. कुणीतरी येतंय."

आणि तेक्लाने सगळं सांगून टाकलं. पत्र, मोटार, मे महिन्यातलं ते 'नको'. एकदा वाटलं की आपली चूक थोडी सौम्य करून सांगावी. पण ही गोष्ट नव्हती, म्हणून तशीच सांगितली. स्तावाआईची बोटं थांबली.

"मोटारीतून?"

"पांढऱ्या."

"इथे असताना घोडागाडी खड्ड्यात घालायचा. मोटार कसली चालवतोय."

"स्तावाआई, तुम्हाला चालेल का ते?"

"मला काय करायचंय? सिनेमा तो. मी का बघायला जाणार आहे?"

पण हे पहिल्यांदा विचारल्यावरचं उत्तर होतं. तेक्ला बाकावर टेकली, मूठभर फळं ओंजळीत घेतली आणि निवडता निवडता पुन्हा विचारलं, "पण तुम्हाला वाटतं काय?"

"लोकांना गोड लागत असेल तर लागू दे. म्हातारीचं काय एवढं."

हे दुसरं. तेक्लाने ओंजळ टोपलीत रिकामी केली. "मी तुम्हाला शब्द दिलाय, स्तावाआई. म्हणून तिसऱ्यांदा विचारते."

म्हातारीने टोपली बाजूला सारली. आत कुणीतरी भांडी लावत होतं.

"नको आणूस त्याला," ती म्हणाली. "त्याचा चेहरा मला आता धड आठवत नाही, पोरी. कानाखालचा तीळ तेवढा आठवतो. उद्या कुणी नट ईवार होऊन येईल. गाव त्याला बघेल. मग जो तो मला सांगायला येईल, कसा दिसत होता, कसा हसला. आणि जे थोडं उरलंय ना माझ्याकडे, त्याच्यावर तो परका चेहरा येऊन बसेल. मला माझा तीळ पुरतो."

तेक्लाने तिचा हात धरला. दोघींचीही बोटं लाल झाली होती.

टेलिफोन एक्स्चेंज व्हेंडलाच्या पुढच्या खोलीत होतं. खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, भिंतीला भोकांचा बोर्ड आणि त्याच्यासमोर कानाला यंत्र लावून व्हेंडला.

"स्टॉकहोम लावून दे," तेक्ला म्हणाली.

"अर्धा तास लागेल. झालं काय, मावशी? परकर ओला, हात लाल. खून करून आलात का?"

तेक्लाने झालं ते सांगितलं. व्हेंडलाने तार लावली. आणि अर्धा तास नव्हे, बारा मिनिटांत स्टॉकहोम मिळवून दिलं. कुणाकुणाचं बोलणं तिने त्यासाठी मध्येच तोडलं, ते आम्ही विचारलं नाही.

"रिडवालबाई!" रूसेनब्लाडांचा आवाज आला. "पत्र मिळालं ना? शेवट आवडला ना?"

"छान आहे हो," तेक्ला म्हणाली, कारण असं विचारल्यावर असंच म्हणतात. बोर्डापुढून व्हेंडलाने डोळे वटारले. "म्हणजे... पण... मे महिन्यात तुम्ही मला विचारलं होतं, पटकथा वाचायची आहे का म्हणून."

"विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

"म्हणाले."

"मग?"

"तुम्ही पुन्हा विचारलंच नाहीत."

तार खरखरली.

"पुन्हा विचारायचं असतं?"

"आमच्याकडे तीनदा."

रूसेनब्लाड मोकळेपणाने हसले. "मग कॉफीच्या वेळी माझं चुकलंच म्हणायचं! बरं, आता विचारतो. रिडवालबाई, पटकथा वाचायची आहे का?"

बावन्न वर्षांची सवय. तेक्लाच्या तोंडून निघून गेलं, "अहो नको, तुम्ही इतके कामात..." आणि तिने जीभ चावली.

"साहेब, आणखी एकदा विचारा!" तारेवर तिसराच आवाज आला. "मे महिन्यातला धरून दोनच झाले!"

"कोण बोलतंय?"

"एक्स्चेंज."

"एक्स्चेंजला मध्ये बोलायची परवानगी असते?"

"नसते, साहेब. विचारा."

तिसऱ्यांदा विचारलं गेलं. तेक्ला म्हणाली, "आता एवढा आग्रह करताय तर पाठवा. आणि तो मुलगा परत येणार नाही."

आता रूसेनब्लाड हसले नाहीत. लोक आठवडाभर राबतात, रविवारी तिकीट काढतात, त्यांना रिकामा कप दाखवून घरी पाठवायचं का, असं म्हणाले. मोटार भाड्याने ठरवून झाली आहे म्हणाले. ते त्यांच्या परीने खरंच बोलत होते. तेक्लाने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "रिकामा दाखवू नका. धुताना दाखवा. त्या कपातून कुणी प्यालेलं नाही, तरी ती तो धुते. ऊन पाण्यात, दोन्ही हातांनी. आतून, बाहेरून. कानाशी बोट फिरवून. मग पुसते आणि जागेवर ठेवते, पुढच्या रविवारसाठी. तिचा मुलगा आला नाही, साहेब. तरी तिचा रविवार चुकला नाही. मी तिला शब्द दिलाय."

तारेवर कुणीतरी नाक ओढलं.

"रिडवालबाई, तुम्ही रडताय का?"

"मी नाही."

"मग कोण?"

"एक्स्चेंज," व्हेंडला हुंदका देत म्हणाली. "आणि साहेब, मी तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत. तिकीट काढून. मोटारीपाशी मी कधीच रडले नाही."

"कानाशी बोट फिरवून," रूसेनब्लाड हळूच म्हणाले, जणू लिहून घेत होते. "ठीक आहे. मोटार परत पाठवतो. पटकथा शनिवारी निघेल."

"म्हणजे हो?"

"हो. की हेही तीनदा म्हणायचं?"

"नाही हो," तेक्ला म्हणाली. "हो आमच्याकडे एकदाच म्हणतात."

परतीच्या वाटेवर म्हाताऱ्यांच्या घराची खिडकी लागते. स्तावाआई आत जाऊन बसली होती. तेक्लाने कुंपणावरूनच हाक दिली, "स्तावाआई! तो येत नाही हो!"

"देवाचे उपकार," आतून आवाज आला. आणि जरा वेळाने, "रविवारी ये. हे लिंगोन उकळून ठेवते."

"अहो नको, तुम्हाला कशाला..."

"ये म्हटलं ना!"

तळ्यापर्यंतच्या वाटेवर तेक्ला मनातल्या मनात एकेकाचं नाव घेऊन आभार मानत गेली. व्हेंडलाच्या आगाऊपणाबद्दल. रूसेनब्लाडना हसू आलं त्याबद्दल. स्तावाआईच्या तिसऱ्या उत्तराबद्दल. आपले टाके वाकडे निघाले आणि बर्फाने मासिक अडवलं त्याबद्दल. मागायचं म्हणून तिला काही आठवेना, तेव्हा तिने नुसतंच आभाराचं स्तोत्र गुणगुणायला घेतलं. आणि धक्का दिसल्यावर मध्येच थांबली.

कठड्यावर तीन सतरंज्या होत्या. निळी, हिरवी आणि लाल. लालची दोन्ही टोकं सारखीच उजळ. शिवण-मंडळातल्या चादरीसारखी, कडा कडेला लावून ती सरळ रेषेत टाकलेली होती. साबणाच्या डब्याला झाकण घातलेलं, आणि खांबाशी तेक्लाच्या ब्रशशेजारी आणखी एक ब्रश उभा केलेला. त्याच्या दांड्यावर तापल्या सळईने 'ह' कोरला होता. हुल्दाच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट धक्क्यावर उघडते. तेक्ला कुणाच्या कामासाठी धावली, हे गावात एव्हाना सगळ्यांना कळलं असणार, आणि ते काम सिनेमाचं होतं हेही.

तेक्लाने लाल सतरंजीवरून हात फिरवला. डबा आणि आपला ब्रश बादलीत टाकला. दुसरा ब्रश एप्रनने पुसला आणि हुल्दाचा ब्रश हुल्दाला परत द्यायला ती निघाली.